सहा आकडे

फोन वाजला तेव्हा लटारू धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बेअरिंगला ग्रीस लावत होता. राइस मिल सुरू असली की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही; पण खिशातला फोन थरथरला की छातीला कळतं. त्याने पोत्याला हात पुसले, शिडी उतरला आणि धान वाळत घातलेल्या पटांगणाच्या पार टोकाला जाऊन फोन कानाला लावला.

"नंबर आला असन. सांगा," पलीकडून करिश्मा म्हणाली.

करिश्मा त्याची एकुलती एक मुलगी. "थांब, पायतो," म्हणत त्याने मेसेज उघडला. मेसेज इंग्रजीत होता. लटारूला इंग्रजी अक्षरं येत नसत, पण आकडे येत. त्याने सहाही आकडे एकेक करून सावकाश सांगितले. तो वाट पाहत राहिला.

"नाई घेतला. रेंज गेली होती. दुसरा येन," ती म्हणाली आणि फोन कट झाला.

तो मिलकडे परत गेला नाही. कुंपणाच्या भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला, फोन समोर जमिनीवर ठेवून.

चार वर्षांपासून बापलेकीचं बोलणं असं या आकड्यांपुरतंच होतं. करिश्मा शाळेत असताना ग्रामपंचायतीत आधारचं शिबिर लागलं होतं, तेव्हा घरात एकच मोबाईल होता, लटारूचा. तोच नंबर तिच्या आधारला जोडला गेला. पुढे आयटीआयच्या प्रवेशाचा फॉर्म, मग शिष्यवृत्ती, मग अजून काही. जिथे आधार लागे तिथला सहा आकडी नंबर ब्रह्मपुरीच्या या मिलमध्ये लटारूच्या खिशात येऊन पडे. तो दहा मिनिटांत सांगावा लागे. म्हणून ती फोन करी.

त्याआधीची गोष्ट त्याच्याच हातून घडलेली होती. करिश्मा दहावी पास झाली त्या उन्हाळ्यात नागभीडकडचं एक स्थळ आलं. मुलाकडे स्वतःची मळणी मशीन होती. मुलीला सतरावं लागलं होतं. लटारूने चार माणसांत शब्द दिला. ती रडली, शिकते म्हणाली. त्याची बायको धुरपता आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसने ती मुलीला घेऊन मुलचेऱ्याकडे आपल्या भावाच्या गावाला निघून गेली. लटारू मागोमाग गेला नाही. उलट गावच्या पारावर बसून म्हणाला, या घरात आता त्यायनं पाय ठेवाचा नाई. लोकांसमोर बोलून गेला आणि मग ते शब्द परत घ्यायची रीत त्याला सापडली नाही. त्यांनी पाय ठेवला नाही. वर्षभराने तोही घराला कुलूप लावून मिलच्या खोलीत राहायला आला.

पूर्वी ती त्याला 'बा' म्हणायची आणि अरे-तुरे करायची. फोनवर ती 'तुमी' म्हणू लागली. दुसऱ्या कुणाच्या मुलीने इतका मान दिला असता तर लटारूला बरं वाटलं असतं.

आधारमधला नंबर बदलायला तिला फार तर एक दिवस लागला असता. तालुक्याला जाऊन बोट लावलं की झालं. तिने तो का बदलला नाही, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं आणि उद्याच बदलला तर?

फोन वाजला. दुसरा नंबर त्याने सांगितला. पुन्हा तसंच झालं. यावेळी मात्र तिने लगेच फोन ठेवला नाही. पलीकडे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातलं कुणीतरी तिला 'अजून एकदा कर' म्हणत होतं.

लटारूने धीर केला. "कोनता फारम होय?"

ती म्हणाली, "अप्रेंटिसचा. इस्रोचा. श्रीहरिकोट्याले."

"तिथं काय असते?"

"रॉकेट सोडतेत. फिटर पायजेत त्यायले. आज लास्ट हाय. पाच वाजेपर्यंत."

लटारूने मिलच्या ऑफिसच्या घड्याळाकडे पाहिलं. इतक्या दुरून काटे दिसत नव्हते. आपली मुलगी फिटर झाली हेसुद्धा त्याला आत्ता कळत होतं. आयटीआय म्हणजे शिवणकाम वगैरे असेल अशी त्याची समजूत होती. मिलचा शाफ्ट बसला की मालक फिटरला गाडी पाठवतो, तो येईपर्यंत सत्तर माणसं हात बांधून उभी राहतात आणि तो आला की त्याला आधी चहा देतात. एवढंच त्याला फिटरबद्दल माहीत होतं.

"त्या लोखंडाच्या कामात तुले..." तो काही विचारणार होता, इतक्यात फोन थरथरला.

"आला का?" ती म्हणाली. "आता गलत झाला तं बंद होते म्हणते हा इथला पोरगा. उद्याच सुरू होईन मंग. बा, लवकर सांग ना."

तिच्या तोंडून निघून गेलं. तिलाही कळलं नसावं. लटारूने फोन कानावरून डोळ्यांसमोर धरला, मेसेजवर बोट ठेवलं आणि आकडे वाचले. सहाही नीट सांगितले.

"हा तं मंगाचाच," ती म्हणाली. मग अगदी हळू, "मंगाचाच सांगितला तुमी."

त्याने पाहिलं. खरंच होतं. नव्या मेसेजच्या वरचा, आधीचा मेसेज त्याने वाचला होता. नवा खालीच होता, स्वच्छ. पोरीच्या शिक्षणाच्या आड आपण पुन्हा आलो, असं त्याच्या मनात आलं.

"बंद झाला का?" त्याने विचारलं.

ती पलीकडच्या माणसाशी बोलत होती. कुठल्यातरी खुर्चीचा आवाज आला. मग ती म्हणाली की अजून एक चान्स दाखवतो आहे, तोच नवा नंबर सांगा, हळू सांगा.

त्याने प्रत्येक आकडा दोन-दोनदा सांगितला. जसे धानाचे कट्टे, म्हणजे पोती, मोजताना सांगतात तसे. शेवटचा सांगून झाल्यावर त्याने डोळे मिटले.

"झाला," ती म्हणाली. फोन लगेच कट झाला नाही. चार-पाच श्वास तसाच राहिला. मग झाला.

त्या दिवसानंतर लटारूने फोन प्लास्टिकच्या थैलीत घालून गळ्यात अडकवला. चुलतभावाच्या पोराचं लग्न जंगलातल्या गावी होतं. तिथे रेंज नाही म्हणून तो गेला नाही. चुलतभाऊ रागावला. फोन मात्र आला नाही. पौष गेला, माघ गेला. मिलच्या ऑफिसात बिलं करणाऱ्या पुनमला त्याने एके दिवशी विचारलं की त्या श्रीहरिकोट्याचं पुढे काय होतं, ते त्या कॉम्प्युटरात दिसतं का. दुपारच्या डब्याच्या वेळात ती शोधत बसे. आठवड्याभराने तिने त्याला आत बोलावलं आणि पडद्यावरच्या लांबलचक यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"करिश्मा लटारू मोहुर्ले. फिटर," तिने वाचलं.

"पुन्हा वाच बाई," तो म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं. तिच्या मागे उभं राहून तो त्या ओळीकडे बघत राहिला. त्याच्या हातापायांचा कोंडा तिच्या फरशीवर सांडला होता. पुनम म्हणाली, फोन करा ना काका तिले. तो हो म्हणाला. पटांगणाच्या टोकाला गेला, नंबर काढला आणि मग आपण फोन करून काय सांगणार, तिला तर ठाऊकच असणार, असं म्हणून फोन थैलीत परत ठेवला.

तिचा फोन आला तो होळीनंतर, सकाळी. त्याने सवयीने आधी मेसेज पाहिला. मेसेज नव्हता.

"नंबर नाई आला," तो घाईने म्हणाला.

"नाई. नंबरासाठी नाई केला," ती म्हणाली. "परवा जाचं हाय. बल्लारशावरून गाडी हाय. एक वर्साची अप्रेंटिस होय."

"माय येते का संगं?"

"मामा येते सोडाले." मग तिने सांगितलं की आधारमध्ये तिने आता स्वतःचा नंबर टाकला आहे. तिथे गेल्यावर नंबर कधीही लागेल, दरवेळी वडिलांना कामातून उठवणं बरोबर नाही. "आता तुमाले तरास नाई."

"तरास कायचा," लटारू म्हणाला.

त्याला अजून सांगायचं होतं. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं, एवढंच. शब्द तयार होते, चार वर्षांपासून होते. पण मिलमधून मुकादमाने हाक मारली, ती म्हणाली, "जा, बलावून राह्यले," आणि तो खरंच गेला.

परवाच्या दिवशी त्याने सुट्टी मागितली नाही.

चैत्रात मुख्य शाफ्टचं बेअरिंग बसलं आणि मिल बंद पडली. चंद्रपूरहून भैयाजी नावाचे वयस्क फिटर आले. मजुरांना मालकाने घरी पाठवलं होतं. मदतीला लटारू एकटाच थांबला. मिल अशी गप्प असली की उंदरांचं चालणंसुद्धा ऐकू येई. भैयाजी शाफ्टखाली आडवे झाले, काम करता करता सहज त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं.

लटारू या प्रश्नाला नेहमी 'कोनी नाई' म्हणायचा.

"पोरगी हाय," तो म्हणाला. "फिटर हाय. श्रीहरिकोट्याले गेली, शिकून राह्यली."

भैयाजींचा पाना थांबला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि अंग चोरून त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली. लटारू वाकून आत बसला. भैयाजींनी पिशवीतून पातळ पोलादी पातींची एक जुडी काढली, पंख्यासारखी उघडली आणि त्यातली सगळ्यात बारीक पात वेगळी केली. दोन लोखंडांच्या मधली जागा हिने मोजतात, त्यांनी सांगितलं.

"तुमच्या पोरीले पह्यले हेच देल्लं असन हातात. धरून पाहा."

लटारूने बोटं शर्टाला पुसली आणि पात अंगठ्यात नि तर्जनीत धरली. कट्टे उचलून उचलून बोटांची कातडी जाड झाली होती. बोटांना काहीच जाणवलं नाही. पात सुटली असं वाटून त्याने हात उजेडाकडे नेला.

पात तिथेच होती.