थंड ताटल्या आणि पाणाड्या श्टाडलर

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात सगळे म्हातारे हातात हात धरून, डोळे मिटून बसले होते. बंद स्वयंपाकघरात पाणाड्या श्टाडलर तांब्याच्या काड्या धरून एकटाच पुटपुटत होता. मग दार उघडलं, डिशवॉशर लावला गेला आणि त्यातून वाफाळत्या ताटल्या निघाल्या. काहींनी छातीवर क्रूसाची खूण केली.

आमच्या बव्हेरियात विहिरीसाठी पाणाड्या बोलावतात, जमिनीखालच्या पाण्यामुळे झोप लागत नाही असं मानून पलंग कुठे हलवायचा हे विचारायलाही बोलावतात. ताटल्यांसाठी बोलावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मी या आश्रमाची डॉक्टर. डिशवॉशरमधलं पाणी तापेनासं झालं होतं. ताटल्या थंड आणि तेलकट निघत. उलट्या-जुलाब खोलीखोलीत पसरले आणि त्यातच अलोइस रीडल आजोबा गेले. व्यवस्थापिका गेर्स्टलबाईंनी मेकॅनिकऐवजी श्टाडलरला बोलावलं, कारण तो आला की पाणी तापे. चार-दोन दिवसांत पुन्हा थंड, की पुन्हा श्टाडलर.

या खेपेला त्याने नवंच काढलं. म्हणाला, घराखालून काळा झरा वाहतो आणि इथलंच कुणीतरी त्याचा थंडावा वर ओढतं. काड्या वळल्या त्या वालबुर्गा ह्योल्त्सल या आजींकडे. त्यांची खोली स्वयंपाकघराच्या बरोबर वर.

त्या दिवसापासून वालबुर्गाबाईंची खुर्ची जेवणाच्या टेबलापासून दूर, खिडकीपाशी गेली. त्यांनी पुढे केलेला पाव कुणी घेईना. त्यांना दुसरीकडे हलवायचंही ठरत आलं.

मी श्टाडलरला हटकलं. तो शांतपणे म्हणाला, "हा थंडावा पाण्याचा नाही, डॉक्टरबाई, माणसाचा आहे. तुमच्या थर्मामीटरला काय कळणार?"

मी मशीनच वाकून पाहिलं. सगळीकडे चिकट धूळ, पण खालच्या पत्र्याच्या स्क्रूंवर ताजे, चकचकीत ओरखडे. मेकॅनिक तर कधी आलाच नव्हता.

पाणी पुन्हा थंड झालं. श्टाडलर यायच्या आधी गेर्स्टलबाईंच्या देखत मी त्या पत्र्याच्या कडांना बँडेजची चिकटपट्टी लावली. विधी झाला, ताटल्या गरम निघाल्या, आणि चिकटपट्टी फाटलेली होती.

मशीनची वीज तोडून मी सगळ्यांसमोर पत्रा काढला. आत एक छोटं बटण होतं. आमच्या पाण्यातल्या क्षारांचं जाड पांढरं पुट हीटरवर चढलं होतं. त्यामुळे हीटर नको इतका तापे, सुरक्षेचा स्विच त्याची वीज तोडे आणि पाणी थंड राही. बटण दाबलं की हीटर सुरू, पुन्हा स्विच पडेपर्यंत.

श्टाडलर पूर्वी अशीच मशीनं दुरुस्त करायचा, हे त्याने शेवटी कबूल केलं. "मी कुणाचं वाईट केलं? पाणी तर तापवून दिलं."

"हीटर साफ करा, एवढं सांगितलं असतंत तर त्याच दिवशी प्रश्न मिटला असता," मी म्हणाले. "तुम्ही दर वेळी बटण दाबून गेलात. मधल्या दिवसांत ही माणसं त्याच घाणेरड्या ताटल्यांत जेवली."

तो काड्या उचलून निघून गेला.

गेर्स्टलबाई वालबुर्गाबाईंना हात धरून टेबलाशी न्यायला गेल्या. वालबुर्गाबाई उठल्या नाहीत.

"उद्या दुसरं काही बिघडलं," त्यांनी हळूच विचारलं, "तर पुन्हा माझ्याकडेच बघाल ना?"

तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

म्हणून सांगते: पाणी तापत नसेल तर मशीन उघडून बघा. आणि कुणी मशीनऐवजी माणसाकडे बोट दाखवलं, तर मान डोलावण्याआधी त्याला विचारा, हे तुला कसं कळलं?