फुलीची लडी

टीव्हीवरच्या माणसाचे हात दिसले तसा फकरोद्दीनने हातातला दोरा मांडीखाली सारला. कोणी पाहिलं का, हे मान वळवून बघायचीही त्याची छाती झाली नाही.

शहागडच्या हमरस्त्यावर नंदाबाईचं चहाचं हॉटेल आहे. गुन्हेगारी टोळ्यांवरची ही मालिका सुरू झाल्यापासून रविवारी संध्याकाळी तिथल्या बाकावर जागा मिळायची मारामार. मुंबईतल्या खंडणीचा भाग झाला, कोळशाचा झाला, डिझेलचोरीचा झाला. भाग संपला की नंदाबाई नव्याने चहा टाकायची आणि मंडळी मतं द्यायला बसायची. दुसऱ्याच्या गावचा गुंड पाहायला सगळ्यांनाच मजा येते. म्हातारे पुंजाराम तर खंडणीवाल्यांना कसं पकडायला हवं होतं हे पोलिसांना समजावून सांगत, जणू पोलीस पलीकडच्या बाकावर बसून ऐकताहेत.

आजचा भाग वाळूचा निघाला. पडद्यावर नदी दिसली, तिच्यावरचा पूल दिसला, आणि पुंजारामांनी बशी तोंडापाशी धरली ती तशीच ठेवली. आपल्याच गावची नदी. मत द्यायला कोणी पुढे येईना.

अंधाऱ्या खोलीत एक माणूस खुर्चीवर बसला होता. चेहरा पुसून टाकलेला, आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा.

"त्या पोराला पवता येत होतं. लोक म्हनत्यात नदीत बुडून मेलं. तसं न्हाई झालं. वाळूचा कडा त्याच्या अंगावर आला. मशीन तिथंच उभी होती, काढता आलं असतं. पन छापा पडनार अशी खबर आल्ती, म्हनून मशीन आधी पळवली. मंग दिवस मावळल्यावर त्याला उकरला अन् पान्यात सोडला. म्या वर बाभळीत उभा होतो."

नाव घेतलं नाही, पण शहागडात ते पोरगं कोणाला माहीत नव्हतं? कल्याण. नदीतली वाळू चोरून उपसणाऱ्या अण्णासाहेबांच्या पट्ट्यावर कामाला होता.

एवढं सांगून झालं आणि कॅमेरा खाली उतरला. चेहरा झाकला होता, आवाज बदलला होता. हात मात्र कोणी झाकले नव्हते. अंगठा आणि करंगळी यांच्यामधून दोरा आडवातिडवा फिरत होता, आणि मधे फुली पडत चालली होती.

ते हात फकरोद्दीनचे होते. हॉटेलच्या समोरच त्याचं ताडपत्री शिवायचं दुकान. शिवलेल्या प्रत्येक ताडपत्रीबरोबर तो ड्रायव्हरला दोऱ्याची एक लडी फुकट द्यायचा, वाटेत टाका उसवला तर असू द्यावी म्हणून. त्याच्या अब्बांची पद्धत. लडी अशी फुली पाडूनच गुंडाळायची, म्हणजे कितीही हिसडे बसले तरी गुंता होत नाही. या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांच्या आरशाला ती लडी लोंबत असते. मुलाखत द्यायला जालन्याच्या लॉजवर गेला तेव्हा टीव्हीवाल्या बाईंना त्याने चेहरा दिसणार नाही ना, आवाज ओळखू येणार नाही ना, हे पुन्हा पुन्हा विचारलं. पण जीव घाबरला तेव्हा खिशातला दोरा काढून आपले हात आपोआप चालू झाले, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. माणूस आपल्या हातांना कुठे एवढं ओळखतो?

"झाला का भाग?"

दाराशी सोमेश्वर उभा होता. अण्णासाहेबांच्या सगळ्या हायवा, म्हणजे वाळूचे डंपर, त्याच्या ताब्यात. वाळू कुठून उचलायची, कुठं टाकायची, तोच ठरवायचा. कल्याण त्याचा चुलतभाऊ. घर एकच, ताट एकच. पोराला अग्नीही त्यानेच दिला होता, आणि तेराव्यानंतर परत कामावर आला होता. तो कधीपासून दारात उभा होता, कोण जाणे.

"सांगा की मंग. कसा वाटला?" तो आत येऊन बसला. "दर रईवारी तर लई मतं देता."

पुंजारामांनी घसा साफ केला.

"बाजाच लई वाजवून राह्यले. बोलनं काई कळलंच न्हाई."

"नट असंल," टायरवाला राधेश्याम म्हणाला. "पैसे देऊन बसवत्यात असे."

नंदाबाईने गाळणी आपटली. "नदीपल्याडचा दिसतोय. बोलनं तिकडचं वाटलं, बीडकडचं."

"बराबर," पुंजाराम लगेच म्हणाले. "पल्याडचाच."

सोमेश्वर एकेकाकडे बघत होता. शेवटी त्याची नजर फकरोद्दीनवर येऊन थांबली.

"चाचा, तुमचं काय मत?"

"मला... चष्मा न्हाई आनला आज. काई बराबर दिसलं न्हाई."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, चष्मा नाकावरच आहे. कोणी हसलं नाही. सोमेश्वरने चष्म्याकडे पाहिलं, मग मांडीखाली दाबलेल्या हाताकडे पाहिलं, आणि चहा न घेताच उठून गेला. फकरोद्दीनला आपण आता मेलो असंच वाटलं.

घरी त्याच्या बायकोने, ताहेराने, दार उघडलं ते फोन हातात घेऊनच. तिनेही भाग पाहिला होता.

"कपडा लाने गए थे ना जालना?" ती हळू आवाजात म्हणाली.

तो दाराशीच चपला काढत राहिला.

"मुँह छुपाए, आवाज छुपाई. ये हाथां कायको दिखाए?"

तिने फोन पुढे केला. भागाखाली लोकांनी आपली मतं लिहिली होती. कोणाला ड्रोनने घेतलेली नदी आवडली होती, कोणाला ही माहिती अर्धवट वाटली होती, दोघं आपसात भलत्याच पुढाऱ्यावरून भांडत होते. आणि मधेच पुण्याच्या कुणीतरी सहज लिहिलं होतं, 'त्या माणसाचे हात बघा. अस्सल कारागीर दिसतो.' त्या मताला शेकडो लोकांनी पसंती दिली होती. लिहिणाऱ्याने कौतुकच केलं होतं बिचाऱ्याने.

"तीर्थपुरी चले जाते," ताहेरा म्हणाली. "अपनी बेटी अंबरीन के घर. अब्बीच."

"दुकान बंद दिखा, तो जो नहीं समझा वो भी समझेगा."

ताहेराने दाराला कडी घातली, मग पेटी ओढून दाराला लावली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की दोघंही बोलायचं थांबत. हमरस्त्यावरच्या घरात गाड्या काय, थांबतच असतात.

सकाळी त्याने रोजच्यासारखं दुकान उघडलं. दोऱ्याचा गठ्ठा तेवढा पोत्याखाली लपवला. दुपारी ऊन तापलेलं असताना एक हायवा कच्चकन ब्रेक लावून दुकानापुढे उभी राहिली आणि सोमेश्वर खाली उतरला. खांद्यावर घडी केलेली ताडपत्री होती. ती त्याने फकरोद्दीनपुढे टाकली आणि स्टूल ओढून, रस्त्याकडे पाठ करून बसला.

"फाटली. जल्दी शिवून द्या."

फकरोद्दीन ताडपत्री उलगडायला लागला.  समोर नंदाबाई गिऱ्हाइकाला चहा द्यायचं सोडून इकडेच बघत होती. पुंजाराम बाकावरून उठून उभे राहिले होते. फकरोद्दीनने एक घडी उलटली, दुसरी उलटली. ताडपत्री तर त्यानेच दिवाळीनंतर शिवलेली, कोरीकरकरीत. फाटलेलं कुठं सापडेना. जास्त वेळ लावला तर हा काय म्हणेल या भीतीने तो घाईघाईने चाचपत सुटला, आणि शेवटची घडी उघडली.

आत लड्यांचा ढीग होता. धुळीने काळ्या झालेल्या, डिझेलचा वास मारणाऱ्या, प्रत्येकीत मधोमध फुली. त्याच्याच हातच्या.

 आता हा गाडीत बस म्हणेल, आणि आपण निमूटपणे बसू, असं त्याला अगदी स्पष्ट दिसलं. ताहेराला हाक मारावी तर घर मागच्या गल्लीत.

"आपल्या समद्या गाड्यायच्या आरशावरून काढल्या," सोमेश्वर खालच्या आवाजात म्हणाला. "ड्रायव्हरला म्हन्लं, मागचं दिसत न्हाई ह्याच्यानं. तुम्ही चुलीत घाला. अन् इथून पुढं कोनाला देऊ नका."

फकरोद्दीनने लड्यांवर ताडपत्रीची घडी ओढली.

"अण्णासाहेबांनी इचारलं काल. म्या सांगितलं, पल्याडचा हाय. समदं हॉटेल तेच म्हन्तंय."

"भाऊ, मी..."

"काई सांगू नका. तुम्ही चष्मा न्हाई आनला, तुम्हाला दिसलं न्हाई."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज दूर जाईपर्यंत सोमेश्वर आपल्या तळव्यांकडे बघत बसला. त्याचे डोळे लाल होते. तो रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"तुम्हाला दिसलं असतं तर इचारलं असतं," तो म्हणाला. "मशीन पळवली तवा त्याचा आवाज येत होता का."

  येत होता. थोडा वेळ येत होता, आणि ते फकरोद्दीनने टीव्हीवाल्या बाईंनाही सांगितलं नव्हतं. त्याने मान खाली घातली.

सोमेश्वरला तेवढं पुरलं. 

"पवायला म्याच शिकवल्तं त्याला," तो म्हणाला. "ह्याच पुलाखाली. अन् बुडाला म्हन्ले तर म्या मानलं."

मग त्याने तोंड पुसलं आणि आवाज मोठा केला, समोर हॉटेलात ऐकू जाईल इतका.

"काय चाचा, किती येळ? गाडी खोळंबली माझी."

फकरोद्दीनने लड्या पोत्याखाली सारल्या. दाभणात दोरा ओवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ओवला गेला. मग ताडपत्रीची धड कड मांडीवर घेऊन, जिथं काहीच फाटलं नव्हतं तिथं, तो एकेक टाका घालायला लागला.