अविन्योंचा पूल

आमच्या ह्यांना, म्हणजे उपेंद्रना, माझी एक चूक खपायची नाही. चारचौघांत टोकायचे. फ्रान्समधल्या अविन्योंला जायचं ठरलं तेव्हा तर ताळतंत्रच सुटलं. तिथला पोपचा जुना राजवाडा, नदीत अर्ध्यावरच संपणारा पूल, म्युझियम्स, सगळं ह्यांना तोंडपाठ. जेवताना माझी परीक्षा. "अहो, तिथे जाऊन बघू की!" मी वैतागायचे.

व्हिसा झाला, बॅगा भरल्या आणि ह्यांना स्ट्रोक आला.

आता इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स कॉलनीतल्या आमच्या हॉलमध्ये हे खिडकीशी बसून असतात. कशालाही हो म्हणतात. भात वाढू? हो. पोळी देऊ? हो. डॉक्टर म्हणतात, सुधारणा होईल, इन्शाल्ला. मला रडूसुद्धा येत नाही. कुकर लावते, गोळ्या देते, खलास. नुसती बधिर झालेय मी.

संध्याकाळी टीव्हीवर अविन्योंचे व्हिडिओ लावते आणि मुद्दाम चुकीचं बोलते. ह्यांनी एकदा, एकदाच मला टोकावं. म्हणजे कळेल, माझा माणूस अजून आहे आत.

काल म्हटलं, "पूल कसा अख्खा आहे नाही हो? पार पलीकडच्या काठापर्यंत."

"हो."

"आणि हा राजवाडा तर मागच्याच वर्षी बांधलाय."

"हो."

"मम्मा, स्टॉप टेस्टिंग हिम!" आतून आमची मिहिका ओरडली. "ही इज टायर्ड."

मी कसली थांबते! नुसतं हो, हो आणि हो! रिमोट सोफ्यावर आपटला आणि तोंडाला येईल ते बोलले, "आणि आपण जाऊनसुद्धा आलो तिथे! आठवतंय ना?"

ह्यांनी टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच इतकं नीट पाहिलं.

"हो," म्हणाले. मग शब्द शोधत बसले. "पुलावर... वारा होता. तुझी ओढणी उडाली. मी... पकडली."

आणि हसले. चेहरा असा खुलला होता की काय सांगू!

'चुकलात' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"कुठली हो ओढणी?"

"निळी."

माझ्याकडे निळी ओढणी नाहीच.

"हो," मी म्हटलं.