एका गाडीत दोन गाड्या

गाडी दोघांची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण दादाच्या तोंडून ऐकणाऱ्याला वाटेल की गाडी त्याची, आणि चिमी ती अधूनमधून मागून नेते. तसं अजिबात नव्हतं. वडील गेल्यावर बहीणभावांनी निम्मे निम्मे पैसे घालून ती घेतली, तेव्हा ठरलं होतं की आठवडाभर चिमीने वापरायची, औषधांच्या दुकानात कामाला जायला आणि आईला कुठे न्यायचं असेल तर न्यायला. रविवार मात्र दादाचा. रविवारी दादा करून करून काय करणार, चार मित्रांना घेऊन भटकून येईल, असं तेव्हा वाटलं होतं. पण ओसरी दिली की माणूस हातपाय पसरतो, आणि पसरणारा आपला सख्खा भाऊ असला की ते फार उशिरा लक्षात येतं.

शहराबाहेर शर्यतीचा एक ट्रॅक होता. रविवारी फी भरली की कुणीही आपली रोजची गाडी तिथे नेऊन मनसोक्त पळवू शके. दादा एकदा गेला आणि त्याला वेड लागलं. आधी टायर बदलले. मग ब्रेकचे पॅड बदलले. ते पॅड तापले की म्हणे फार गुणी, पण सकाळी गार असताना असे केकाटायचे की चिमी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत लोक खिडक्या उघडून बघायचे. शिव्या खायला चिमी, कारण दादा तेव्हा अंथरुणात. मग सायलेन्सर आला. मग ड्रायव्हरच्या जागी एक खोलगट सीट आली, जिच्यात पडायला सोपं आणि निघायला मुश्कील. चिमी काही बोलली की दादाचं उत्तर तयार असे.

"अगं, एसी ठेवलाय ना? गाणी ठेवलीयत ना? मागची सीट तशीच आहे ना? एका गाडीत दोन गाड्या आहेत ह्या! लोक यासाठी तडफडतात."

तडफडत होती आई. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि नेमका तोच मोका साधून दादाने गाडीला नवे शॉकअप बसवले. त्या दिवसापासून गाडी रस्त्यावरून धावेना, आपटत जाऊ लागली. रस्त्यात खडा आला तरी तो थेट माकडहाडाला कळायचा. चिमीने भावाला सांगितलं, जुने शॉकअप परत बसव. तो म्हणाला, विकले. चिमी म्हणाली, आईचं काय? तो म्हणाला, "एवढं वाटतं तर टॅक्सीने ने." म्हणजे निम्मी गाडी स्वतःची, ती दारात उभी, आणि आईला टॅक्सीने न्यायचं, कारण शॉकअपना शर्यतीची सवय झालीय! बरं, आई टॅक्सीत बसेल तर शपथ. "घरची गाडी असताना टॅक्सी कशाला? दादाला काय वाटेल?" दादाला काय वाटेल हा प्रश्न त्या घरात लहानपणापासून विचारला जात होता. चिमीला काय वाटेल, हे विचारायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं.

त्या शनिवारीही तसंच. चिमीने दुपारची सुट्टी काढली आणि आईला हॉस्पिटलात फिजिओच्या व्यायामाला घेऊन गेली. गाडी ती इतकी हळू चालवत होती की सायकलवाले पुढे जात होते. हॉस्पिटलच्या रस्त्यावर गतिरोधकांची रांगच आहे, ती कोणत्या शहाण्याने घातली देव जाणे. प्रत्येकाच्या अलीकडे आई दारावरची कडी दोन्ही हातांनी धरी, डोळे मिटी, आणि पलीकडे गेल्यावर डोळे उघडून म्हणे, "छान चालते हो गाडी."

चिमी दातओठ खाऊन पुढच्या गतिरोधकासाठी गिअर बदले.

फिजिओच्या बाईंनी आईच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पाठ पुन्हा दगड झालीय. घरून येताना धक्के बसतात का?"

"छे, छे," आई म्हणाली. "अगदी पाळण्यात बसल्यासारखी येते."

"मग मला कळत नाही. जखम भरली, हाड जुळलं, आता सुधारायला हवं. हे असंच राहिलं तर सर्जन पुन्हा उघडून बघू म्हणतील. या वयात दुसऱ्यांदा नको वाटतं मला."

दुसऱ्यांदा म्हटल्यावर चिमीने आईकडे पाहिलं. पहिल्या वेळी आईला ऑपरेशनच्या खोलीत नेताना तिने चिमीचा हात सोडला नव्हता, नर्सला बोटं एकेक करून सोडवावी लागली होती. आत्ता मात्र आई बाईंच्या खांद्यावरून चिमीकडे डोळे वटारून बघत होती, की खबरदार गाडीचं काही बोललीस तर. आणि चिमी नाही बोलली. याचा राग तिला परतीच्या सगळ्या रस्त्यात येत राहिला, अर्धा आईचा आणि अर्धा स्वतःचा.

इमारतीखाली गाडी लावली तर दादा वाटच बघत उभा. उद्याच्या रविवारची तयारी करायची होती ना त्याला! शेजारी तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले काका होते, निवृत्त झाल्यापासून ज्यांना सगळ्याच गोष्टींत रस निर्माण झाला होता. चिमीने डिकीतून वॉकर काढला आणि आईच्या बाजूचं दार उघडलं. आईला गाडीतून उतरायला वेळ लागे. आधी ती थोडी बसून राही, कळ ओसरेपर्यंत.

"मला एक सांग," काका दादाला म्हणाले, "रोजची गाडी वेगळी, शर्यतीची वेगळी. एकीलाच दोन्ही कसं जमतं?"

दादाला दुसरं काय हवं होतं! त्याने बॉनेट उघडलं. "या, दाखवतो. हा शॉकअप, आणि त्याच्या डोक्यावर हा नॉब दिसतोय? उजवीकडे फिरवला की कडक, डावीकडे फिरवला की मऊ. पुढे दोन, मागे डिकीत अस्तराखाली दोन. शनिवारी कडक करायचे, ट्रॅकवरून आलं की मऊ करायचे. स्प्रिंगा थोड्या कडक आहेत, पण हे मऊ केलं की म्हातारं माणूससुद्धा झोपून जाईल."

वॉकर उघडता उघडता चिमीचे हात थांबले.

"अरे वा," काका म्हणाले. "बघू, कर कडक."

दादाने नॉब उजवीकडे फिरवला. नॉब हलला नाही. त्याने जोर लावला. दुसऱ्या बाजूचा फिरवून पाहिला, तोही हलेना.

"अडकला का?" काकांनी विचारलं.

"नाही, नाही. हा... आधीच शेवटाला आहे."

मग चिमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शेवटाला आहे म्हणजे? दादा, तू हे मऊ कधी करतोस?"

"करतो गं."

"कधी करतोस? मी विचारलं तेव्हा जुने विकले म्हणालास. टॅक्सीने ने म्हणालास. हे फिरवता येतं, हे एका शब्दाने बोलला नाहीस!"

"अगं, रविवारी घरी येईपर्यंत जीव जातो. उन्हातान्हात दिवसभर..." दादाने काकांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "आणि आईला काही त्रास नाही. विचार तिला. काय गं आई?"

"काही त्रास नाही," आई सीटवरून म्हणाली.

"आज बाई काय म्हणाल्या ते सांगू का याला?" चिमी आईकडे वळली. "दुसरं ऑपरेशन म्हणाल्या. आणि हा फक्त नॉब फिरवत नाही म्हणून! तुला कळतंय का, आई?"

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ते फिरवायचं. दादाने बसवलं तेव्हाच सांगितलं होतं मला. एकदा म्हटलंही मी त्याला. करतो म्हणाला." आईने पदर सारखा केला. "राहून जातं माणसाकडून. आता तुला कळलंय ना, तर तूच करत जा दर सोमवारी. दोन मिनिटांचं तर काम."

चिमीला हसावं की रडावं कळेना. आठवडाभर दुकानात तिने राबायचं, आईला तिने न्यायचं, केकाटणाऱ्या ब्रेकच्या शिव्या तिने खायच्या, आणि आता भावाने कडक केलेली गाडी मऊही तिनेच करायची! आणि आज वाकून तिने ते एकदा फिरवलं, की ते जन्माचं तिचं काम होणार, हेही तिला लख्ख दिसत होतं. आणि नाही फिरवलं तर सोमवारी आईची पाठ.

"मी नाही करणार," ती म्हणाली. "ज्याने घट्ट केलं त्याने सैल करावं."

"एवढं काय झालंय आकांत करायला?" आई आता खरंच चिडली. मुलाची बाजू घ्यायची म्हटल्यावर तिच्या अंगात कुठून बळ यायचं कोण जाणे. "मला काही होत नाही. चल रे दादा, मला चक्कर मारून आण कोपऱ्यापर्यंत. बघू दे हिला."

"आई, नको," चिमी म्हणाली.

"तू गप्प बस. दार लाव."

दादाला तेवढंच हवं होतं. ऑपरेशन झाल्यापासून आईला घेऊन त्याने गाडी एकदाही चालवली नव्हती. त्याने बॉनेट आपटलं आणि आत बसला. काका काहीतरी पुटपुटत लिफ्टकडे सटकले. चिमी मागच्या सीटवर चढली, कारण आईला एकटीला त्याच्या हवाली करायची तिची छाती नव्हती.

गल्ली गुळगुळीत होती तोवर दादा खुशीत होता. "बघ, काही लागतंय?" आई म्हणाली, "काही नाही." शाळेसमोर गतिरोधक होता. दादाने वेग कमी केला, पण किती कमी करायचा हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. आईचे हात कडीकडे गेले. मग तिने आरशातून चिमी बघतेय हे पाहिलं आणि हात परत मांडीवर ठेवले.

गाडी चढली आणि धाडकन उतरली.

"आई गं!"

सत्तरीची बाई आपल्या आईला हाक मारत होती. असला आवाज ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्रीसुद्धा चिमीने ऐकला नव्हता. दादाने करकचून ब्रेक दाबला आणि तो आईकडे बघत राहिला.

"काही नाही रे," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जीभ चावली."

दादा खाली उतरला. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याने बॉनेट उघडलं, खाली वाकला आणि नॉब डावीकडे फिरवू लागला. टक्, टक्, टक्. घाईत त्याचा हात गरम लोखंडाला लागला, तो कळवळला आणि पुन्हा वाकला. चिमी उतरून त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिला त्याची दया यायला हवी होती बहुधा. आली नाही.

खिडकीची काच खाली आली. आईने एका हाताने कंबर दाबून धरली होती आणि दुसऱ्या हाताने ती दादाला बोलावत होती.

"दादा, राहू दे रे आता. किती वेळ वाकलायस. कंबर भरेल तुझी."

"भरू दे," चिमी म्हणाली, आणि मागे जाऊन तिने डिकी उघडली. "मागचे दोन राहिलेत."