रिकाम्या जिगवरचा हिरवा दिवा

कारखान्यात त्याला सगळे टिकटिक म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. तपासणी यंत्रात रिलेची पट्टी बसवायची आणि कोणता रिले कधी जोडायचा, कधी सोडायचा याचा प्रोग्रॅम लिहायचा, हे त्याचं काम. रिले म्हणजे नखाएवढी कळ. फक्त ती बोटाने दाबायची नसते, वीज तिला दाबते. दर वेळी ती टिक करते. एका पट्टीवर अशा चौसष्ट.

"काय टिकटिक, किती वाजले?" सोल्डरिंगच्या काकू रोज सकाळी विचारायच्या.

तोही रोज घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघून सांगायचा, "चौसष्ट."

गेले पंधरा दिवस काकूंनी वेळ विचारली नव्हती. विचारणार कुठल्या तोंडाने? पंधरा दिवसांपूर्वी ताईला कामावरून काढलं होतं.

ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. पॅकिंगमध्ये एकोणीस वर्षं होती. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा. त्याला हाताशी धरून तिनेच वाढवलं, शिकवलं, आणि तिच्याच शब्दावर तो इथे लागला. पाण्याच्या पंपाचे बोर्ड इथे बनत. काकूंच्या टेबलावर त्यांना टाका लागे, मग टिकटिकच्या यंत्रावर तपासणी, मग ताईच्या हातून खोक्यात. तर झालं काय, की गिऱ्हाइकाकडून सतरा बोर्ड मेलेले परत आले. साहेबांनी नोंदी काढल्या. सतराच्या सतरा बोर्डांपुढे यंत्राचा शिक्का होता: पास. तपासताना बोर्ड धडधाकट होते, मग मेले कुठे? तपासणीच्या पुढे. पुढे म्हणजे पॅकिंग. पॅकिंग म्हणजे ताई.

त्या दिवशी टिकटिकही साहेबांसमोर उभा होता. साहेबांनी विचारलं, "यंत्र चुकू शकतं का?" आणि त्याने, आपल्या कामाच्या अभिमानात म्हणा किंवा नुसत्या सवयीने म्हणा, उत्तर दिलं होतं, "नाही साहेब." दोनच शब्द. माणसाच्या जिभेला हाड नसतं, पण त्या दोन शब्दांनी बहिणीच्या पाठीचं हाड मोडलं.

आता एक कागद उरला होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले' असं त्यावर छापलेलं होतं. ताईने आज सहापर्यंत त्यावर सही केली, तर तिला अनुभवाचा दाखला मिळणार होता आणि दुसरीकडे कुठे उभं राहता येणार होतं. नाही केली, तर दाखल्यावर 'कामावरून काढले' असा शेरा. तिने विचार करते म्हणून सांगितलं होतं.

सकाळी साडेदहाला टिकटिकने सवयीच्या तंद्रीत कळ दाबली. यंत्र टिकटिकलं, हिरवा दिवा लागला. पास. हात पुढे केला तर बोर्ड टेबलावरच होता. जिग, म्हणजे ज्या साच्यात बोर्ड दाबून बसवतात तो, रिकामाच होता. बोर्ड लावायचाच राहिला होता.

त्याने रिकाम्या जिगवर पुन्हा कळ दाबली. हिरवा.

रिकाम्या ताटाकडे बघून पोट भरलं म्हणणाऱ्या माणसावर पंधरा दिवस, नव्हे चार महिने, साऱ्या कारखान्याने विश्वास ठेवला होता.

आणि त्याला क्षणात सगळं कळलं. यंत्राला एक नमुना बोर्ड कायमचा जोडलेला असे, चांगला म्हणून पारखलेला. दर वेळी यंत्र आधी नमुना मोजायचं, त्याचा रिले सोडायचं, थोडं थांबायचं आणि मग जिगचा रिले जोडायचं. ते थांबणं पापणी लवायच्याही आतलं, पण हवंच. नाहीतर दोन्ही रिले क्षणभर एकदम जोडले जातात, एका बोर्डात साठलेली वीज दुसऱ्यात धावते आणि रिलेची दोन टोकं वितळून एकमेकांना चिकटतात. चार महिन्यांपूर्वी साहेब म्हणाले होते, "तपासणीला फार वेळ लागतो रे, कुठे काही कापता येतं का बघ." त्याने ते थांबणं कापलं. नमुन्याचा रिले चिकटला असणार. तेव्हापासून जिगमध्ये मेलेला बोर्ड ठेवा नाहीतर काहीच ठेवू नका, यंत्र मोजत होतं ते नमुन्यालाच. आकडे कुणी बघितले असते तर सगळे एकसारखे दिसले असते. पण आकड्यांचीही नोंद नव्हती. साहेबांना हिरवं-लालच पुरे होतं आणि त्यालाही.

ताई सुटली! हा विचार आधी आला. आपण बुडालो, हा दुसरा; आणि दुसरा पहिल्याच्या आनंदात वाहून गेला. त्याने झाकण उघडलं, नमुन्याचा रिले शोधला. छोटा, काळा, मुका.

आणि इथे त्याच्या हाताने घात केला. रिले अडकला की पेचकसाची मूठ उलटी धरून त्यावर एक टिचकी मारायची, ही या धंद्यातल्या प्रत्येकाची सवय. गुरू शिष्याला ती शिकवत नाही, ती आपोआप लागते. डोकं 'साहेबांना बोलाव' म्हणत होतं. हाताने तोवर मूठ उलटी धरून टक् केलं होतं.

टिक.

आतली टोकं सुटली. तो तसाच वाकलेला राहिला. मग हळूच रिकाम्या जिगवर कळ दाबली. लाल. पुन्हा दाबली. लाल. यंत्र आता एखाद्या संतासारखं खरं बोलत होतं.

साहेब आले, बघितलं, त्यांनी स्वतः कळ दाबली. लाल.

"बरोबर चाललंय की."

"आत्ता सुटलाय साहेब. दहा मिनिटांपूर्वी चिकटलेला होता."

"कुणी बघितला?"

"मी."

"आणि सोडवला कुणी?"

"मीच."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी स्टूल ओढलं, त्याला बसवलं. "तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं रे. बहीण आहे. पण पंधरा दिवसांपूर्वी मी तुला तोंडावर विचारलं होतं. तेव्हा यंत्र चुकत नव्हतं. आज कागदावर सही करायची मुदत आहे, आणि आज ते चुकायला लागलं?"

"प्रोग्रॅम बघा. थांबण्याची ओळच नाही त्यात."

"ती काढ म्हणून मीच सांगितलं होतं," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली गेला. "म्हणजे मी पण गुन्हेगार, असं लिहून देऊ का वर? कशाच्या जोरावर? लाल दिव्याच्या?"

"पॅकिंगला जायचे चाळीस बोर्ड पडलेत. ते पुन्हा तपासू द्या. जुन्या तपासणीत सगळे पास आहेत. त्यातला एक जरी आता नापास झाला..."

"तपास," साहेब म्हणाले. "एक जरी निघाला तरी मी कागद फाडतो."

मग तो एकेक बोर्ड लावू लागला. काकू आपला कथिलाचा हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. जन्मभर त्याने देवाकडे काही मागितलं असेल तर माल चांगला निघू दे, एवढंच. आज पहिल्यांदा तो ओठातल्या ओठात म्हणत होता, देवा, एक खराब निघू दे. फक्त एक. परमेश्वराच्या दारात नाना तऱ्हेच्या मागण्या येत असतील; पण आपल्याच हातचं काम नासू दे, असं रडकुंडीला येऊन मागणारा विरळा. हिरवा. हिरवा. तेविसावा हिरवा.

"मेले एवढे छान टाके कशाला घातले मी," काकू पुटपुटल्या. हसू कुणालाच आलं नाही.

चाळीसच्या चाळीस चांगले. टाके कच्चे ठेवणारं जुनं खराब कथिल केव्हाच संपलं होतं, हे बोर्ड नव्या कथिलाचे. मेले होते ते सतरा, आणि ते गिऱ्हाइकाकडून फिरून आलेले. ते कुठे मेले हे आता त्यांना विचारायची सोय नव्हती.

शेवटी त्याने तो रिले पट्टीवरून उपटला, करवतीच्या पात्याने कापला आणि भिंगाखाली धरला. टोकावर डाग होता. जळका, खड्डा पडलेला. "हा बघा साहेब!"

साहेबांनी भिंगातून बघितलं. "शेजारचा काप."

शेजारचा कापला. त्यावरही डाग होता, थोडा लहान. वापरलेल्या प्रत्येक रिलेवर असतो, हे टिकटिकला पक्कं माहीत होतं. घाईत आठवलं नव्हतं इतकंच. मोठा डाग आणि लहान डाग यांच्या मधल्या केसाएवढ्या जागेत ताईची एकोणीस वर्षं बसवायची होती. ती बसेनात.

साहेब उठले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थांबण्याची ती ओळ परत घाल. पुढच्यासाठी." आणि गेले.

तीन वाजता अर्धी रजा टाकून तो ताईकडे गेला. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कारखान्यातल्यासारखं खोकं होतं, फोमचा तुकडा होता, आणि बोर्डाच्या आकाराचा कापलेला पुठ्ठा. ती पुठ्ठा उचलत होती, फोमवर ठेवत होती, खोकं मिटत होती. पुन्हा उघडत होती.

"ये. जेवलास का?" तिने मान वर न करता विचारलं. "चेहरा का असा? साहेब ओरडले?"

"ताई, ते ठेव आधी. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

"झालंय." ती शांतपणे म्हणाली. "पंधरा दिवस शोधत होते, काल सापडलं. मनगटाला तो पट्टा बांधतो ना आपण, अंगातली वीज बोर्डाला लागू नये म्हणून? गेल्या महिन्यात एकदा मी बांधला नव्हता. दुखत होतं मनगट. एकदाच. पण एकदा पुरतं ना?"

"नाही पुरत! सतरा नाही मरत त्याने. ताई, ऐक. रिले चिकटला होता. मी थांबणं कापलं म्हणून चिकटला. बोर्ड तुझ्याकडे आले तेव्हाच मेलेले होते. मीच केलं हे."

त्याने सगळं सांगितलं. रिकामा जिग, हिरवा दिवा, पेचकसाची मूठ, चाळीस बोर्ड, डाग. सांगता सांगता रडला. ती ऐकत राहिली, हातातला पुठ्ठा तसाच. मग उठून तिने त्याला पाणी दिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला जे दिसलं ते बघून त्याचं उरलंसुरलं अवसान गळालं. तिथे सुटका नव्हती. तिथे माया होती.

"आई माझ्यावर ओरडायला लागली की तू असाच मधे यायचास," ती म्हणाली. "बरणी मी फोडायची आणि 'मी फोडली' म्हणून तू रडायचास. पाच वर्षांचा होतास."

"ताई, हे तसं नाही. हे खरं आहे."

"तेव्हाही असंच म्हणायचास." तिने पदराने त्याचे डोळे पुसले. "तुझी नोकरी आत्ता कुठे बसतेय. असलं काही बोलू नकोस कुणापाशी. साहेबांपाशी बोललास?"

"बोललो."

"मग? मानलं त्यांनी?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"बघ," ती म्हणाली. जणू त्यांनी न मानणं हाच तिच्या चुकीचा पुरावा होता.

आतल्या खोलीत जाऊन तिने कागद आणला. सही झालेली होती. अक्षर ठसठशीत, एका रेषेत; पॅकिंगच्या चिठ्ठ्यांवर घालायची तसंच. तिने कागदाची नीट चौघडी केली, त्याच्या खिशात घातली आणि खिसा वरून थोपटला.

"सहाच्या आत पोचला पाहिजे. तू तसाही तिकडूनच जातोस. आणि भिजवू नकोस, रडून रडून."

तो उठला. ती पुन्हा टेबलाशी बसली होती. एका हाताने दुसऱ्या मनगटाभोवती, जिथे काही नव्हतं तिथे, पट्टा घट्ट करत होती.