डावखुरी देवी

माझी नात अम्मिया बारा वर्षांची असताना तिनं नाण्याचा पहिला ठसा कोरला. ठसा जमला तर छिन्नी तिची. नाही जमला तर दुसऱ्या दिवसापासून मागावर बसायचं, असं सूनबाईंनी बजावलं होतं. माग दिसला की अम्मियाला जांभया यायच्या.

जत्रेत फक्त त्या वर्षीची नाणी चालतात, म्हणून टांकसाळीत घाई होती. आमच्या घण मारणाऱ्या कार्पोसनं ऐरणीवर तापलेल्या काशाच्या चकत्या ठेवून घण मारला. चारशे नाणी पडल्यावर मी एक हातात घेतलं. आमच्या शहराची भाग्यदेवता त्युखे, तिच्या उजव्या हातात सुकाणू असतं. इथे ते डाव्या हातात होतं!

"कार्पोस, तुला दिसलं नाही?"

"दिसलं की! म्हटलं, दमली असेल देवी, हात बदलला."

अम्मियाचा चेहरा पडला. "आजोबा, मी देवळात मूर्तीसमोर बसून जशीच्या तशी कोरली."

तिथंच चुकलं. ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा नाणं सुलट उमटतं. अक्षरं मी रोज घोटून घेतलेली, ती बरोबर होती. देवी मात्र तिनं भक्तिभावानं कोरली होती.

तेवढ्यात बाजाराचा अधिकारी झोसिमोस कपाळाला आठ्या घालून आला. "ग्लिकोनकाका, नदीपलीकडचे लोक यंदाही त्यांची नाणी आपल्याकडे खपवणार. त्यांच्याही नाण्यावर त्युखेच! गर्दीत अक्षरं वाचतो कोण?"

मी नाणं मुठीत लपवलं. अम्मिया पुढे झाली. "माझी चूक आहे, आजोबांना बोलू नका." तिनं माझी मूठ उघडली.

झोसिमोसनं कमरेच्या पिशवीतून पलीकडचं नाणं काढून शेजारी धरलं. मग तो पोट धरून हसायला लागला. "अगं, आता आंधळी कोळीणसुद्धा ओळखेल! डावखुरी ती आपली."

"आणि पुजारी?" मी विचारलं.

"देवीला हात दोन आहेत. त्यांना मी सांगतो. अजून सहाशे पाडा."

पण घणाखाली ठशाला तडा गेला होता. दुसरा कोरायला मी बसलो. चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप जुन्याच वळणावर जायचा.

"आजोबा, परत उजवाच!"

तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा अम्मियानं माझ्या हातातून छिन्नी काढून घेतली.

"सरका जरा. आणि आईला निरोप पाठवा, मी कामात आहे म्हणावं."