पाणथळीची साफसफाई

सकाळी सात वाजता जनार्दनने पक्षी बघायच्या झोपडीची खिडकी उघडली आणि डोळे चोळून पुन्हा बघितलं. काल दुपारपर्यंत समोर माणसाच्या उंचीचं पाणकणीस उभं होतं. आज तिथं चक्क टक्कल! काठ झाडून लख्ख, लाकडी वाटेवर ही एवढी रांगोळी, आणि पक्षी म्हणाल तर औषधाला नाही.

"अनसूये! हे कुनी केलं?"

त्याची बायको तिथल्याच कॅन्टीनमधून हात पुसत, हसत आली. "आमी बारा जनींनी. तुमी काल पिरंगुटला गेला, तवा म्हटलं, उरकून टाकू. पुण्याची मॅडम येनार, तिला काय झाडोऱ्यात उभी करायची व्हय?"

आता या बाईला काय म्हणावं! पाहुणा येणार म्हटलं की अंगण झाडायचं, एवढं तिला जन्मापासून ठाऊक. हे अंगण पाखरांचं आहे, हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं. खरं तर जनार्दननेच सांगायला हवं होतं. पण तो घरी पाखरांवर बोलायचा कुठं?

पिरंगुटचा कारखाना सुटल्यावर दोन वर्षं तो घरी बसून होता. मग धरणाच्या फुगवट्याला, माले गावाजवळ, ही पाणथळ राखीव झाली आणि त्याला गाइडचं काम लागलं. सहा महिने कच्चं. आज पुण्याच्या ऑफिसातल्या सुनीती मॅडम येऊन ठरवणार होत्या, कायम की रामराम.

"वाटुळं केलंस माझं," एवढंच तो म्हणाला आणि त्याने बोलणंच टाकलं. अनसूयेचं तोंड एवढंसं झालं.

मॅडम आल्या, पोहे खाल्ले, दुर्बीण घेऊन झोपडीत बसल्या. एक तास गेला. एक बगळा आला, त्यानेही इकडंतिकडं बघितलं आणि गेला बापडा. जनार्दन खिडकीतून मान काढून काठ धुंडाळत राहिला.

"जनार्दनराव, पक्षी कुठायत?" मॅडमनी विचारलं. त्यांनी उसासा टाकला. "बरं, बाथरूम कुठंय?"

त्या गेल्या त्या गेल्याच. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"पोटात बिघडलं का काय? माझं पोहं तर ताजं हुतं," असं पुटपुटत अनसूयेने जाऊन दार वाजवलं. मागोमाग जनार्दनही आला. "मॅडम, बरं हाय न्हवं?"

"शूऽऽ!" आतून आवाज आला. दार किलकिलं झालं आणि एका हाताने दोघांना आत बोलावलं.

जाळीच्या खिडकीतून मागची डबकी दिसत होती. बायकांनी कापलेलं सगळं पाणकणीस तिथंच नेऊन टाकलं होतं. त्या ढिगाच्या आडोशाला एक रंगीत पाणलावा चिखलात चोच खुपसत होता आणि त्याच्यामागं चार पिल्लं, कापसाच्या बोंडाएवढी, तुरूतुरू.

"पिल्लं इथं आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं?" मॅडमनी हळूच विचारलं.

'व्हय' म्हणायला कितीसा वेळ लागतो! जिभेवर आलंही होतं. पण जनार्दनने मान हलवली. "न्हाई मॅडम. काल समोरचं रान हिनं कापलं, पाहुणचार म्हनून. पिल्लं तिकडंच हुती, मला म्हाईत हुतं. आडोसा गेला तसा बापानं त्यांना चालवत हितं आनलं. ती बघा चिखलातली पावलं, समोरच्या काठापासनं हितवर."

मॅडमनी पावलं बघितली, मग त्याच्याकडं बघितलं. "एवढं वाचता येणारा माणूस मी कशाला सोडीन? कायम समजा. वहिनी, पुन्हा विळा लावायचा नाही हं!"

"आईची आन, मॅडम!" अनसूयेने गळ्याला हात लावला.

मॅडम फोन करायला बाहेर गेल्या. नवराबायको जाळीला नाक लावून तिथंच उभे राहिले.

"मगापासनं बापच राबतुय. आई कुटं हाय?" तिने भीत भीत विचारलं.

सकाळी बोलणं टाकल्यापासून तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "ह्यांच्यात अंडी दिली की मादी निघून जाती. दुसरा नवरा बघती."

"अगं बया! बरं हाय की मग."

जनार्दनने तिचा हात घट्ट धरला.

"तू कुटं जायाचं न्हाई," तो म्हणाला.